मशीन म्हणालं, हाय

मी पुरुष आहे आणि नर्स आहे. आमच्या भागात या दोन्ही गोष्टी लोकांना वेगवेगळ्या पटतात, एकत्र पटत नाहीत. माझं लग्न जमवायचं चाललं होतं तेव्हा बारामतीची माझी आत्या स्थळाकडच्यांना "मुलगा दवाखान्यात असतो" एवढंच सांगायची. त्यावर एका घरून, मुलाला नेमकं काय झालंय आणि बरा कधी होईल, अशी काळजीची विचारणा आली होती. पेशंट मला ब्रदर म्हणतात, काही डॉक्टर म्हणतात, आणि एका आजींनी तर डिस्चार्ज होईपर्यंत सिस्टरच म्हटलं. "ए सिस्टर, उशी जरा वर सरकव की बाळा." मी सरकवायचो.

इंदापूरच्या एका छोट्या दवाखान्यात मी नोकरीला लागलो, तेव्हा तिथल्या मोठ्या सिस्टरच्या हाताखाली मला दिलं. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, पायात कायम मोजे घालणारी बाई. बोलणं फार कमी. त्यांची एक सवय मला सुरुवातीला विचित्र वाटायची. पेशंट आला की त्या लगेच जवळ जात नसत. लांबून बघत राहायच्या. तो चपला कशा काढतो, वाकताना भिंत धरतो का, बाकड्यावर बसतो की पडतो, बरोबरच्या माणसाकडे कसा बघतो. एवढं बघून झालं की मग नाडी धरायच्या. मला वाटायचं, बाईंना गुडघ्यांचा त्रास असेल म्हणून त्या उठायला वेळ लावतात.

माझा जीव मशीनवर होता. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन, बीपीचं मशीन, साखरेचं मशीन. कॉलेजात पेशंटचं मूल्यमापन कसं करायचं याच्या पायऱ्या मी तोंडपाठ केल्या होत्या आणि परीक्षेत त्या बिनचूक लिहिल्याही होत्या. पण खरा माणूस समोर आला, की हात आधी मशीनकडे जायचा. आकडा आला की मला बरं वाटायचं, पेशंटला वाटो न वाटो.

थंडीच्या दिवसांत दवाखान्यानं लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर मोफत साखर तपासणीचं शिबिर ठेवलं. उसाचा हंगाम चालू होता. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि हवेत उकळत्या रसाचा वास. वस्तीवर एक गुऱ्हाळ होतं, आणि त्याचे मालक तात्या हेच शिबिराचे यजमान होते. साठीचे, उंच, डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मिशी मात्र काळीकुळकुळीत. मंडप त्यांनी घातला होता, खुर्च्या त्यांनी आणल्या होत्या, आणि माइकही त्यांच्याच हातात होता. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा ते "हॅलो हॅलो" म्हणत होते, आणि टेबलं लावून होईपर्यंत म्हणतच राहिले.

डॉक्टर इंदापुरात ऑपरेशनमध्ये अडकले होते, दुपारपर्यंत येणार होते. तोवर साखर तपासून घ्यायचं काम आमचं. बायकांचं टेबल मोठ्या सिस्टरकडे, पुरुषांचं माझ्याकडे. चहा आला तो बिनसाखरेचा. मधुमेहाचं शिबिर आहे म्हणून तात्यांनी तसा हुकूमच सोडला होता. सभोवार नजर जाईल तिथं ऊस, आणि मंडपात साखरेचा कण नाही.

पहिला मान तात्यांचा. ते खुर्चीत बसले, बाही वर केली, आणि इंजेक्शन असल्यासारखा दंड पुढे केला. मी म्हटलं बोट द्या. त्यांनी दिलं. मी स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसलं, टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. मशीननं थोडा वेळ घेतला आणि मग पडद्यावर आकड्याऐवजी इंग्रजीत दोनच अक्षरं आली. हाय. म्हणजे साखर इतकी जास्त, की मशीनला मोजताच येत नाही. माझ्या नोकरीतली ही पहिली हाय.

"तात्या, हाय आलंय," मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हणालो.

"काय हाय?"

"हाय."

"आरं व्हय, पर काय हाय?"

"साखर. हाय आहे."

तात्या मागे वळून लोकांना म्हणाले, "साखर हाय म्हणतोय. हाय आन् आहे, दोन्ही म्हणतोय. म्हंजे नक्कीच हाय."

रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. मी घाईघाईनं दुसरं बोट टोचलं. आकडा आला, चारशेच्या वर. तिसरं बोट, परत हाय. मग करंगळी घेतली, तर तिथं दोनशेच्या आसपास. तात्यांच्या शेजारी उभे असलेले एक आबा हे सगळं लक्ष देऊन बघत होते. त्यांनी मला समजुतीच्या स्वरात सुचवलं, की एवढी बोटं वेगवेगळं बोलतायत तर करंगळीचंच खरं धरा, घरातही धाकट्याचंच ऐकायचे दिवस आलेत.

एकाच माणसाच्या चार बोटांचं एकमेकांशी जमत नाही, यावरून मला काही सुचायला हवं होतं. मला सुचलं ते एवढंच, की तात्या कुठल्याही क्षणी बेशुद्ध पडतील. मी ड्रायव्हरला गाडी वळवून ठेव म्हणून ओरडलो. डॉक्टरांना फोन लावला, तो लागला नाही. तोवर मंडपात बातमी पसरली. कुणी तात्यांना उपरण्यानं वारा घालू लागलं, कुणी त्यांचे पाय वर उचलून खुर्चीवर ठेवले. कुणीतरी बारामतीला एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला असलेल्या त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं, की मशीनचाही काटा संपला, लगेच निघ. तात्या स्वतः सगळ्यांत निवांत होते. आपली साखर मशीनला झेपली नाही, याचा त्यांना थोडा अभिमानच वाटत होता, असं मला आजही वाटतं.

गलका ऐकून मोठ्या सिस्टर आल्या. माझ्या हातातलं मशीन त्यांनी बघितलं आणि बाजूला ठेवलं. मग तात्यांपासून थोडं लांब उभ्या राहून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला घाम फुटला होता, आणि या बघतायत. मग त्यांनी तात्यांना जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ ओली होती. तहान फार लागते का, रात्री लघवीला किती वेळा उठता, वजन उतरलंय का, हे विचारलं. तात्यांची उत्तरं सगळी नाही अशी होती, फक्त वजनाबाबत ते म्हणाले की उतरावं अशी इच्छा आहे. मग सिस्टर त्यांना म्हणाल्या, त्या कडुनिंबापर्यंत चालत जाऊन या. तात्या मिशीवर हात फिरवत गेले आणि आले. श्वास जागच्या जागी, चाल सरळ. एवढी साखर वाढलेल्या माणसाचं असं चालणं मी पुस्तकात कुठं वाचलं नव्हतं.

शेवटी सिस्टरनी त्यांचा हात हातात घेतला, आणि सोडवताना तो जरासा चिकटला. त्यांनी विचारलं, सकाळपासून काय करत होतात.

"गुऱ्हाळावर हुतो की. गूळ काढला, तसाच आलो."

"साबणानं हात धुऊन या."

तात्यांना ते आवडलं नाही. आत्ताच तर या पोरानं दारूनं पुसले की, असं ते म्हणाले. सिस्टरनी सांगितलं, की स्पिरिटनं जंतू मरतात, गूळ मरत नाही. रक्ताच्या एका थेंबात बोटावरचा गूळ मिसळला तर मशीन बिचारं गुळाचीही साखर मोजतं. तात्या कुरकुरत हातपंपावर गेले, हात धुतले, पुसले. पुन्हा टोचलं. एकशे आठ.

माझे खांदे खाली आले. लोक मात्र नाराज झाले. वारा घालणाऱ्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. आबांनी मला विचारलं, की मग ती करंगळीही खोटंच बोलत होती का. मी म्हटलं, तीही.

खरं तर गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात बायकांच्या बाजूनं तात्यांच्या कारभारीण आल्या. त्यांना वस्तीवर सगळे काकी म्हणत. डोक्यावरून पदर, बारीक चण, आवाज कधी कुणी ऐकला नाही अशी ख्याती. त्यांना मधुमेह होता, रोजची गोळी चालू होती, आणि मघाशी सिस्टरच्या टेबलावर त्यांची साखर एकशे चाळीसच्या घरात आली होती. सिस्टरनी उत्तम आहे म्हणून त्यांना बाजूला बसवलं होतं. आता त्या मंडपाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि तात्यांना त्यांच्या पाळण्यातल्या नावानं हाक मारली. ते नाव मी इथं लिहीत नाही, पण ते फार गोंडस होतं आणि त्या मिशीला अजिबात शोभत नव्हतं.

"अरे, तुला काय धाड भरलीय? बसलाय बघा कसा, वारा घेत."

मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळेच. काकी थांबल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की हा इंजिनाचा सुटा भाग आणतो म्हणून बारामतीला जातो आणि आइस्क्रीम खाऊन येतो, मिशीला पिस्त्याचा वास येतो. मला गोड बंद आणि याच्या मिशीला चालू. मिशीचा कलप उशीला लागतो, एवढ्यात तीन अभ्रे टाकून दिले. आणि तो साप.

साप म्हटल्यावर तात्या खुर्चीतून अर्धे उठले.

हा साप वस्तीवर प्रसिद्ध होता, हे मला आबांनी कानात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी डाळिंबाच्या बागेत तिन्हीसांजेला तात्यांनी कुऱ्हाडीच्या एका घावात नाग मारला होता. नाग केवढा होता हे तात्या दोन्ही हात फैलावून दाखवत, आणि दर वर्षी हात थोडे जास्त फैलावत. मारल्यावर त्यांनी तो लगेच पुरला, म्हणून दुसऱ्या कुणाला बघायला मिळाला नव्हता.

"साप न्हवता," काकी म्हणाल्या. "ठिबकची नळी हुती. सकाळी सगळ्या बागेत पाणी."

लोक आता पोट धरून हसत होते. आबांनी डोळे पुसले. मी तोंडावर हात ठेवला होता, पण माझेही खांदे हलत होते. वस्तीवरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. इतकी वर्षं गप्प बसलेलं माणूस बोललं, याचा सगळ्यांना आनंद झाला होता. मला वाटलं, नवऱ्याला काही झालं या धक्क्यानं बाईंचा बांध फुटला. माझं निदान तिथंच पूर्ण झालं.

हसत नव्हते ते फक्त तात्या. आधी मला वाटलं लाजलेत. पण ते सिस्टरजवळ आले आणि अगदी हळू आवाजात बोलले. त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"बाई, ही अशी न्हाय. भांडली तरी हिनं मला कधी अरे म्हटलं न्हाय. हिला कायतरी होतंय."

सिस्टरनी काकींकडे बघितलं, तसंच, लांबून. मीही बघितलं. आणि मग मला दिसलं. सगळे स्वेटर घालून बसलेत, आणि काकींच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. पदराचं टोक त्या एका हातानं घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या, पुन्हा पुन्हा. ती बोटं थरथरत होती. डोळे तात्यांकडे होते, पण नजर त्यांच्या पलीकडे कुठंतरी.

"सकाळी जेवलात का?" सिस्टरनी विचारलं.

काकींनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, हिला कुणी बोलावलं.

उत्तर तात्यांनी दिलं. सकाळची गोळी घेतली होती. जेवण नव्हतं, कारण उपाशीपोटी या, असं माइकवर सांगितलं होतं. असं कुणी सांगितलं, सिस्टरनी विचारलं. आमच्या दवाखान्याच्या कागदावर तर तसं काहीच नव्हतं. तात्या जमिनीकडे बघायला लागले. माइक हातात आल्यावर आपल्या पदरचे दोन शब्द घालावेत असं त्यांना वाटलं होतं.

गोळी पोटात, अन्न नाही. साखर खाली जात होती, आणि मेंदूला साखर कमी पडली की माणूस असं वागतं: चिडतं, बरळतं, दारू प्यायल्यासारखं बोलतं. मग गप्प होतं, आणि मग फार वाईट होतं. हे मला परीक्षेत आलं होतं आणि मी पूर्ण मार्क घेतले होते.

पण मघाशी तर एकशे चाळीस आली होती, असं मी म्हणायला लागलो. सिस्टरनी काकींचा हात उलटा करून माझ्यापुढे धरला. बोटांच्या पेरांना चिकट तांबूस चमक होती. सकाळपासून काकींनी काकवीच्या बाटल्या भरल्या होत्या, डॉक्टरांना भेट द्यायला. गुळानं तात्यांना आजारी केलं होतं आणि काकवीनं काकींना ठणठणीत. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "ही माझ्या नजरेतून सुटली." मग ओल्या कपड्यानं त्यांनी ते बोट पटकन धुतलं, पुसलं आणि टोचलं. शेहेचाळीस.

"साखर आण," त्या मला म्हणाल्या.

मी धावलो. मंडपात साखर नव्हती. चहाच्या किटलीत नव्हती, बिस्किटं होती ती मधुमेहवाल्यांची. मी गाडीत बघितलं. ड्रायव्हरकडे तंबाखू होती. मी रिकाम्या हातानं परत आलो, तोवर तात्यांनी आपल्या मोटारसायकलच्या पिशवीतून काकवीची बाटली काढली होती, झाकण दातांनी उघडलं होतं आणि पेल्यात ओतली होती. त्यांनी ती काकींच्या तोंडाजवळ नेली.

काकींनी तोंड घट्ट मिटलं. मग म्हणाल्या, "मला गोड बंद हाय."

सिस्टरनी सांगितलं, आज चालू आहे. काकी म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलंय. मी म्हटलं, आम्ही त्याच डॉक्टरांचे. काकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, हा बाप्या हितं बायकांत काय करतोय. बायकांनी सांगितलं, तो सिस्टर आहे. त्यावर काकी इतक्या खदाखदा हसल्या की पेला सांडता सांडता राहिला. आता कुणी हसत नव्हतं. मी सलाईन आणि ग्लुकोजचं इंजेक्शन काढायला डबा उघडला, कारण थोड्या वेळात त्यांना गिळताही आलं नसतं, आणि मग तोंडात काही घालणं धोक्याचं. पण हात झटकणाऱ्या बाईला शीर कशी द्यायला लावायची, हे मला कळत नव्हतं.

तात्या पेला घेऊन त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"पी जरा," ते म्हणाले.

"तू पी. तुला सवय हाय."

"आइस्क्रीम खाल्लं मी. खरं हाय."

काकी त्यांच्याकडे बघू लागल्या.

"आन् साप?"

तात्यांनी एकदा मागे बघितलं. सगळी वस्ती उभी होती. आबा तर ऐकू यावं म्हणून पुढे सरकले होते.

"साप न्हवता. नळी हुती."

"कसली नळी?"

"ठिबकची. पी आता."

काकींनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. सिस्टरनी दुसरा अर्धा दिला, तोही घेतला. मग त्यांना खुर्चीत बसवलं. तात्या तसेच त्यांच्या पायाशी बसून राहिले. मी मनगट धरून नाडी मोजत होतो, आणि पहिल्यांदाच मशीन कुठं ठेवलंय हे मला आठवत नव्हतं.

थोड्या वेळानं पदराची घडी थांबली. ओठावरचा घाम वाळला. काकींनी इकडं तिकडं बघितलं, जमलेली माणसं बघितली, आणि घाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग पायाशी बसलेल्या तात्यांकडे बघून दचकल्या.

"आवो, तुमी खाली का बसलाय? तुमाला काय झालं?"

तात्यांनी तोंडावरून उपरणं फिरवलं, ते बराच वेळ फिरवत राहिले.

साखर पुन्हा मोजली, हात धुऊन. शंभरच्या वर आली होती. एका बाईनं घरून भाकरी आणि दूध आणलं, ते काकींनी खाल्लं. मला वाटलं झालं सगळं. सिस्टर म्हणाल्या, नाही झालं, त्या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, साखर परत उतरू शकते, इंदापूरला न्यायचं आणि ठेवून घ्यायचं. म्हणून काकींना गाडीत घातलं. तात्या आणि सिस्टर सोबत बसले. शिबिर मी आणि ड्रायव्हरनं पुढे चालवलं, म्हणजे ड्रायव्हर हातपंप हापसत होता आणि साबण देत होता. वस्तीतले सगळे पुरुष त्या दिवशी दोन्ही हात धुऊन आले, काहींनी पायही धुतले. ड्रायव्हर इथं आहे म्हणजे गाडी दुसराच कुणीतरी घेऊन गेलाय, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तो तात्यांचा पुतण्या होता आणि त्यानं गाडी अत्यंत सावकाश नेली, असं सिस्टरनी नंतर सांगितलं.

दुपार टळल्यावर मी इंदापूरला पोचलो तर दवाखान्याच्या दारात मोटारसायकलींची रांग. तात्यांचा मुलगा एमआयडीसीतून आला होता आणि त्याच्या पाळीतले बरेच जण त्याच्याबरोबर. वॉर्डात जाऊन बघतो, तर कॉटवर तात्या बसलेले. मांडीवर सफरचंदांच्या पिशव्या, मुलगा पाय चेपतोय, एक पाहुणे त्यांना पथ्य सांगतायत. आणि काकी, हाताला सलाईनची सुई लावलेल्या, शेजारच्या स्टुलावर बसून सगळ्यांना मोसंबी सोलून देत होत्या. फोनवर पोचलेली बातमी हाय पर्यंतचीच होती. पुढचं कुणाला कळलंच नव्हतं. तात्यांनी एकदोनदा सांगायचा प्रयत्न केला होता, पण पेशंटनं बोलू नये म्हणून लोकांनी त्यांना गप्प केलं होतं.

सिस्टर आत आल्या. त्यांनी तात्यांना उठवलं, काकींना कॉटवर निजवलं, आणि मुलाला सांगितलं की पाय चेपायचे असतील तर हे चेप. मुलानं आधी आईकडं, मग बापाकडं, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. मग तो पलीकडं जाऊन बसला आणि आईचे पाय चेपायला लागला. काकी लाजून पाय आखडत होत्या. तात्यांनी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारून घेतलं, की एवढी माणसं भेटायला आली आहेत तर मलाही एखादी सलाईन लावता येईल का. डॉक्टर नाही म्हणाले. मग निदान टॉनिक, असं तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी काकींची गोळी कमी केली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. सकाळी मी सलाईन काढायला गेलो तेव्हा तात्या बाहेर चहा प्यायला गेले होते. काल काय काय बोललात ते आठवतं का, असं मी काकींना विचारलं. काहीच आठवत नाही म्हणाल्या. पुष्कळांना आठवत नाही, त्यात नवल नाही. मी पट्टी काढली, कापूस दाबला. काकी खिडकीकडे बघत होत्या.

"ठिबकची नळी काळीच असती," त्या म्हणाल्या. "अंधारात सापावानी दिसती. कुणीबी फसंल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पदर सारखा केला.

पुढे त्या वस्तीवर आम्ही पुन्हा शिबिर घेतलं. या वेळी माइकवर काय बोलायचं ते सिस्टरनी तात्यांना आधी पाठ करायला लावलं: हात साबणानं धुऊन या, गोळी घेत असाल तर जेवून या, आणि एवढं बोलून माइक बंद करा. तात्यांनी पहिली दोन वाक्यं बरोबर म्हटली. मग त्यांना राहवलं नाही. घरातलं माणूस एकाएकी वेगळं वागायला लागलं, बायको अचानक अरे म्हणायला लागली, तर भांडू नका, आधी दवाखान्यात आणा, असं त्यांनी सगळ्या शिवाराला कळवलं. सिस्टर हे ऐकत होत्या. मला वाटलं त्या चिडतील, पण त्यांनी फक्त मान हलवली.

दुपारी एक तरुण शेतकरी बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. घाबरलेला होता. म्हणाला, सकाळपासून ही मला अरे म्हणतेय, तुमी माइकवर म्हणाला तसंच, लगेच घेऊन आलो. बायको हाताची घडी घालून उभी होती. सिस्टर लांबून तिच्याकडे बघत राहिल्या. घाम नाही, थरथर नाही, नजर एकदम ताठ. मी तिचे हात धुऊन घेतले, टोचलं. अठ्ठ्याण्णव.

"ब्रदर, काय हाय का?" त्यानं मला विचारलं.

मी सिस्टरकडे बघितलं. त्या म्हणाल्या, तू सांग.

"साखर बरोबर आहे," मी म्हणालो. "कारण घरी जाऊन शोधा."

बायको आधीच मोटारसायकलकडे चालायला लागली होती.